नदीकडचं कुरण

त्या वर्षी गवत वाळलंच नाही. कापून पसरावं तर रात्रीतून पाऊस, उलथून टाकावं तर खालची बाजू काळी पडलेली, आणि ती सुकते न सुकते तोच डोंगरावरून पुन्हा ढग उतरलेले. दुसरं महायुद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. मांसाचं रेशन नुकतंच उठलं होतं. वेल्सच्या त्या खोऱ्यातली माणसं पूर्वी विमानांसाठी आभाळाकडे बघत, तशी आता ढगांसाठी बघायला लागली होती.

मॉर्विथच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसे, रस्त्यापलीकडे लाकडी फाटक, आणि फाटकाच्या आत ब्रिनहिर मळ्याचं नदीकडचं कुरण. संध्याकाळी पाऊस थांबला की कुंपणाच्या मुळाशी सशांचे तपकिरी ठिपके हलायला लागत. तिचा नवरा इद्वल खुर्ची ओढून खिडकीशी बसायचा.

"आज तो फाटक्या कानाचा पण आलाय," तो म्हणे.

"चहा गार होतोय."

"होऊ दे. बघ ना कसा बसलाय, पोट गवतात टेकवून. आपल्या चॅपलच्या खजिनदारासारखा."

"इद्वल, पुरे. सारखं काय बघायचं ते!"

"बघायला कुणाची परवानगी लागत नाही, मॉर्विथ."

ससे मारायला मात्र लागायची. आमच्याकडे परवानगी म्हणजे कागद नव्हता, शब्द होता. मळ्याच्या मागच्या दारी जायचं, टोपी काढायची, विचारायचं. मालकानं हो म्हटलं की तो शब्द माणसाच्या नावावर जन्मभर चाले. मग तीन गोष्टी पाळायच्या: रविवारी बंदूक बाहेर काढायची नाही, उघडलेलं फाटक लावून घ्यायचं, आणि पहिल्या शिकारीतली सशांची जोडी मालकाच्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगायची. प्रत्येक मळ्याच्या मागच्या दाराशी असा एक खिळा असायचा. आता ती दारंही राहिली नाहीत.

इद्वलच्या नावावर तीन मळ्यांचे शब्द होते. तिन्ही मळे वर, डोंगरावर. तरुणपणी खाणीतून सुटला की तो तसाच वर जायचा, खांद्याला हवेची बंदूक, खिशात छर्ऱ्यांची डबी. हवेच्या बंदुकीचा दारूच्या बंदुकीसारखा धडाका होत नाही, गाभण मेंढ्या बिचकत नाहीत, म्हणून मालक तिला सहसा अडवत नसत. पण तिचा पल्ला थोडा. सशाच्या अगदी जवळ सरपटत जावं लागे, श्वास रोखून पडून राहावं लागे. इद्वलला ते जमायचं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मॉर्विथनं मांसासाठी खाटकाचं दार बघितलं नव्हतं.

मग पाटीच्या दगडाची धूळ छातीत बसली. खाणीच्या डॉक्टरांनी दम्याचं नाव सांगितलं, खाणीतल्या माणसांनी काहीच सांगितलं नाही, कारण त्यांच्याही छातीत तीच होती. इद्वलचं काम सुटलं. मॉर्विथ शाळेची फरशी पुसायची, लोकांचे कपडे धुवायची. मुलगी लिव्हरपूलला नोकरीला होती, ती अधूनमधून काही पाठवायची.

जून महिन्यात एकदा तो हट्टानं वर निघाला. मॉर्विथ अंगणातल्या दोरीवर कपडे घालत होती, तिथून तिला वाट दिसत होती. दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्यापर्यंत तो गेला आणि थांबला. पुढे गडग्यापर्यंत गेला, दगडाला हात लावून उभा राहिला. मग खाली बसला. तिचे कपडे घालून झाले, टोपली रिकामी झाली, तरी तो तिथेच होता. शेवटी ती पायवाटेनं वर गेली, जशी काही सहज चालली आहे अशी.

"पाऊस येईल म्हणून थांबलास का?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. त्याचे ओठ निळसर झाले होते. "पाऊस येईल."

बंदूक तिनं घेतली.

त्यानंतर आठवड्याभरात त्यानं कोट घातला, दाढी केली आणि ब्रिनहिरच्या मागच्या दारी गेला. मॉर्विथही बरोबर गेली, वाटेत थांबावं लागलं तर कुणीतरी हवं म्हणून. मालक वॉटकिन रोलंड्स जेवत होता. त्याची बहीण हॅना त्याचं घर सांभाळायची. तिनं दार अर्धं उघडलं आणि "थांबा" म्हणून आत गेली. आतून सुरी-काट्यांचा आवाज येत राहिला. दारातच इद्वलला उबळ आली. ती आवरता आवरेना. तो वाकला, भिंतीला धरून खोकत राहिला.

हॅना पुन्हा दारात आली. "इथे नको खोकूस, इद्वल. आत दूध उघडं आहे."

दोघं अंगणात जाऊन उभे राहिले. रोलंड्स तोंड पुसत बाहेर आला. उंच, हाडकुळा माणूस, एका खांद्याने वाकलेला.

"बोल."

"नदीकडचं कुरण, मिस्टर रोलंड्स. तिथे बसायला शब्द हवा होता. हवेच्या बंदुकीनं. घरापुरतं."

"वरचे तीन मळे आहेत ना तुला?"

"वर आता..." इद्वलनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नदीकडचं जवळ पडतं."

"जवळ तर मलाही पडतं." रोलंड्स हसला, पण वाईट हसला नाही. "सापळेवाला येतो माझ्याकडे, इद्वल. ससे पेट्यांत भरून गाडीने शहरात जातात. तुला दिलं तर उद्या आख्खी खाण दारात उभी राहील."

"खाणीत आता राहिलंय कोण?" इद्वल म्हणाला.

रोलंड्सनं खांदे उडवले. "बाई, सांभाळून ने त्याला," तो मॉर्विथला म्हणाला. जणू इद्वल तिथे नव्हताच.

घरी आल्यावर इद्वलनं कोट खुंटीला लावला आणि खुर्ची खिडकीपासून ओढून चुलीकडे तोंड करून ठेवली. मॉर्विथला ते बोललेल्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त लागलं. माणूस संध्याकाळी खिडकीबाहेर बघायचा थांबला, की घरातलं काहीतरी थांबतं. तो कमी जेवायला लागला. ती भांडी विसळताना मुद्दाम म्हणायची, "आज पुष्कळ आलेत." तो म्हणायचा, "येऊ देत."

गवताच्या कामाला मॉर्विथ दरवर्षी ब्रिनहिरलाच जायची. खाणवाल्यांकडे शेत नसे, पण मळ्याच्या बटाट्याच्या शेतात एक सरी त्यांच्या नावाची असे. बी आपलं, खत आणि नांगर मालकाचा. त्याच्या बदल्यात उन्हाळ्यात गवत उचलायला जायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं. मॉर्विथची सरी वसंतात लावून झाली होती. पाल्याला पांढरी फुलंही आली होती. त्या सरीवर त्यांचा हिवाळा निघायचा.

त्या वर्षी गवताचं काम संपतासंपेना. ऊन पडलं की निरोप यायचा आणि सगळे धावायचे. दाताळ्यानं ओढायचं, काट्यानं उलथायचं, छोटे ढीग करायचे, पाऊस आला की ढिगांवर पोती घालायची, दुसऱ्या दिवशी ते ढीग पुन्हा मोडायचे. ओल्या गवताचं वजन मनगटात उतरायचं. मॉर्विथच्या तळव्यांवरचे फोड फुटून पुन्हा आले. शेजारची लोवरी तिच्या ओळीत असायची. लोवरीचा नवरा ब्रिनहिरलाच गडी होता आणि तिची जीभ कधी थांबत नसे.

"अगं, तू दोघांचं काम करतेयस. रोलंड्स लग्नाची मागणी घालेल तुला."

"घालू दे. हॅनाशी कोण बोलेल?"

"हॅनाशी देवसुद्धा रविवारीच बोलतो," लोवरी म्हणाली, आणि दोघी काट्यांवर रेलून हसल्या.

शेवटचा दिवस ऑगस्टच्या अखेरीस आला. गवत कोठारात गेलं, पण निम्मंच. बाकीचं शेतातच कुजलं. जेवणाच्या वेळी कोठाराच्या सावलीत सगळे बसले. रोलंड्स चहा पीत होता. त्याचे डोळे लाल होते. तोही रात्रंदिवस राबला होता. सगळे उठले तेव्हा मॉर्विथ उठली नाही.

"काय गं?"

"माझ्या सरीबद्दल बोलायचं होतं, मिस्टर रोलंड्स."

"चांगली आलीय तुझी सरी."

"ती तुम्ही ठेवा." तिनं हे मनात इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते दुसऱ्याच कुणाचं बोलणं वाटलं. "बटाटे तुमचे. त्याऐवजी इद्वलला नदीकडच्या कुरणाचा शब्द द्या."

रोलंड्सनं तिच्याकडे बघितलं. मग खाली नदीकडे बघितलं. बराच वेळ तो तिकडेच बघत राहिला. कपातल्या चहाचा तळ त्यानं गवतावर फेकला.

"आख्खी सरी?"

"आख्खी."

"हिवाळ्यात काय खाल?"

"त्याच्या हाताने येईल ते."

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मग तो म्हणाला, "जा. सांग त्याला. हवे तेवढे मार म्हणावं."

ती उताराने जवळजवळ धावतच गेली. तळवे आग आग करत होते. घरात शिरल्या शिरल्या तिनं खुर्ची इद्वलसकट खिडकीकडे वळवली.

"अगं, वेडी झालीस का?"

"दिला. शब्द दिला त्यानं."

"कसा दिला?"

"विचारलं, दिला." सरीचं तिनं सांगितलं नाही. पण इद्वल तिचा नवरा होता. त्यानं तिचे हात उलटे करून बघितले, फोड बघितले, आणि काही वेळानं म्हणाला, "फुलं छान आली होती गं त्या सरीला."

दुसऱ्या दिवशी त्यानं बंदूक मांडीवर घेऊन तेल दिलं. ही बंदूक भरायला नळी मधोमध मोडून खाली ओढावी लागते. आतली कमान ताणून टकदिशी बसते. इद्वलनं ओढली. अर्ध्यावर हात थरथरायला लागला. त्यानं पुन्हा ओढली.

"दे इकडे," मॉर्विथ म्हणाली. गवत उचलून तिच्या हातात त्या उन्हाळ्यात जोर होता. टक्. "मी भरीन, तू मार."

"लोक म्हणतील, इद्वलची बंदूक बायको भरते."

"लोकांना जोडीतला एक ससा दे, गप्प बसतील."

"पहिली जोडी रोलंड्सच्या खिळ्याला," तो लगेच म्हणाला. या बाबतीत तो थट्टा करत नसे.

संध्याकाळी दोघं निघाले. त्यानं दाढी केली होती. फाटक तिनं उघडलं, त्यानं आत येऊन स्वतः लावलं आणि कडी बसली का ते दोनदा हलवून बघितलं. कुंपणाच्या कडेनं ते सरकत गेले. गवत ओलं होतं, कोपरं भिजली. तो पालथा पडला, ती त्याच्या शेजारी. त्याच्या छातीतली घरघर तिला जमिनीतून आल्यासारखी ऐकू येत होती. उबळ दाबायला त्यानं कोटाची बाही दातांत धरली होती. मान लाल झाली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो खोकला नाही. खोकला असता तर कुरण रिकामं झालं असतं.

पुढ्यात एक ससा बसला होता. फाटक्या कानाचा.

इद्वलनं नेम धरला. मग बंदूक थोडी खाली केली. कितीतरी वेळ तो तसाच बघत राहिला.

"मार ना," ती कुजबुजली.

"तो मला बघत नाहीये, मॉर्विथ."

"मग बरंच आहे की."

"नाही. त्याला दिसतच नाहीये."

तो उठून बसला. उघड्यावर, ताठ. ससा हलला नाही. त्याचं डोकं सुजून वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांच्या जागी नुसते फुगलेले, चिकट गोळे. तो नाक खालीवर करत एकाच जागी गोल फिरत होता. मग मॉर्विथला बाकीचे दिसले. कुंपणाशी एक, नदीकडे दोन, गडग्याला डोकं टेकवून बसलेला एक. गेले काही दिवस खिडकीतून जे निवांत बसलेले वाटायचे, ते असे होते. दक्षिणेकडच्या मळ्यांत सशांना काही रोग आलाय, असं चॅपलच्या पायऱ्यांवर कुणीतरी म्हणालं होतं. दक्षिण लांब होती.

तेव्हा इद्वलला उबळ आली. यावेळी त्यानं ती दाबली नाही. गुडघ्यांवर बसून, पोट धरून तो खोकत राहिला, खोऱ्यात आवाज घुमत राहिला, आणि कुरणातला एकही ससा पळाला नाही.

"आता खोकायला हरकत नाही," श्वास मिळाल्यावर तो म्हणाला.

"चल घरी."

"भर."

"इद्वल, हे खायचे नाहीत."

"मला कळतं. भर ती."

तिनं नळी ओढली. टक्. त्यानं फाटक्या कानाच्या सशाला एका छर्ऱ्यात पाडलं. मग पुढे सरकला. ती भरत राहिली, तो मारत राहिला, दिसेनासं होईपर्यंत.

रविवारी लोवरीनं तिला चॅपलच्या दारात गाठलं. लोवरीचा आवाज खाली होता, म्हणजे गोष्ट खरी होती.

"तुला सांगू की नको असं झालंय. आमच्याच ह्यांना पाठवलं होतं रोलंड्सनं. दक्षिणेच्या मळ्यावरून पोत्यात घालून आणला एक आजारी ससा. नदीकडे सोडला. गवत कुजायला लागलं ना, म्हणाला, उरलेलं तरी मेंढ्यांना राहू दे. शहरातही आता रोगाच्या भीतीनं कुणी ससा घेत नाही म्हणे."

"कधी?"

लोवरीनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "गवत संपायच्या आधी. तू बोललीस त्याच्या आधी गं."

आत प्रार्थना सुरू झाली होती. रोलंड्स पुढच्या बाकावर बसला होता, एक खांदा खाली. मॉर्विथ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला त्याचं उघडलेलं तोंड आठवलं, ज्यातून शब्द आला नव्हता.

इद्वलला तिनं सांगितलं तेव्हा तो चुलीत लाकूड सारत होता.

"त्याचं गवत गेलं," तो म्हणाला.

"आणि माझी सरी?"

त्यानं लाकूड आत ढकललं. मग म्हणाला, "शब्द शब्दच आहे, मॉर्विथ. मारायचा शब्द मागितला, मारायचा मिळाला. बाकीचे लोक काठीनं डोकी फोडतायत. कुणी तेही करत नाही, तसेच सोडतात. आठ-आठ, दहा-दहा दिवस जातात त्यांना मरायला. माझ्या छर्ऱ्यानं कळायच्या आत जातात."

मग रोज संध्याकाळी ते जायला लागले. रविवार सोडून. रविवारी तो खिडकीशी बसायचा आणि आंधळे प्राणी गडग्यावर आपटताना बघत राहायचा, मुठी आवळून, पण बंदुकीला हात लावायचा नाही. मॉर्विथ म्हणाली, "देव समजून घेईल." तो म्हणाला, "देव घेईल गं. रविवारचा शब्द मी रोलंड्सला दिलाय."

मेलेले पुरायला ती खड्डे खणायची. थंडी पडत गेली तसा तो लवकर थकायला लागला. शेवटी शेवटी ती त्याचं कोपर धरून फाटकापर्यंत न्यायची, आणि तो फाटकाच्या आडव्या फळीवर नळी टेकवून तिथूनच मारायचा. एकदा रोलंड्स रस्त्यानं जाताना थांबला.

"छान साफ करतोयस, इद्वल. यासाठी मला गडी लावावा लागला असता."

इद्वलनं टोपीला हात लावला. "तुमची जोडी राहिलीय, मिस्टर रोलंड्स. खिळ्याला टांगण्यासारखे मिळाले नाहीत."

रोलंड्स लालबुंद झाला. तसाच पुढे निघून गेला.

त्या हिवाळ्यात मॉर्विथच्या घरी सलगम शिजायचे. ऑक्टोबरमध्ये ब्रिनहिरच्या शेतात बटाटे निघाले तेव्हा ती त्या बाजूनं गेली नाही. लोवरीनं ॲप्रनमध्ये लपवून आणलेले चार बटाटे तिनं घेतले आणि सालासकट शिजवले. जानेवारीत इद्वल अंथरुणाला लागला. कुरण तोवर रिकामं झालं होतं. खिडकीतून नुसतं पांढरं दिसायचं. तरी त्यानं खुर्ची तिकडेच ठेवायला लावली.

"काय दिसतंय?" तो पलंगावरून विचारायचा.

"काही नाही. छान आहे."

"जोडी द्यायची राहिली गं," गेला त्या सकाळीही तो तेच म्हणाला.

मार्चमध्ये बर्फ वितळलं. मॉर्विथनं एके दिवशी काळा कोट घातला आणि ब्रिनहिरला निघाली. रस्त्यानं न जाता ती कुरणातून गेली. फाटक उघडलं, लावलं, कडी हलवून बघितली. नवं गवत बोटभर वर आलं होतं. खड्ड्यांच्या जागी ते जास्त हिरवं होतं. गडग्याच्या वळणावर ती थांबली.

गवतात एक ससा होता. अंग बारीक, केस कोवळे. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. काळेभोर, स्वच्छ डोळे. तो तिला बघत होता. नकळत तिनं बाही तोंडाला लावली. पण तिचा पाय हलला, आणि ससा पाठ फिरवून पांढरी शेपटी दाखवत कुंपणात नाहीसा झाला. किती वेगानं पळाला! पळणारा ससा तिनं गेल्या उन्हाळ्यापासून बघितला नव्हता.

मागच्या दाराशी हॅना होती. "आत ये, मॉर्विथ," ती म्हणाली. पूर्वी कधी असं म्हणाली नव्हती.

"नको. इथेच बरं."

रोलंड्स बाहेर आला. डोक्यावरची टोपी त्यानं काढली.

"इद्वलचं वाईट वाटलं."

"हो."

"यंदा येशील ना गवताला? सरी देतो. नांगरलेलीच आहे." तो तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होता. "दोन देतो, हवं तर."

"बघीन. मी दुसऱ्या कामाला आले होते." तिनं हात कोटाच्या खिशात घातले. "इद्वलचा शब्द परत करायला आले. नदीकडच्या कुरणाचा. शब्द माणसाबरोबर जातो, पण त्यानं तो शेवटपर्यंत पाळला, म्हटलं सांगून परत करावा. जोडी राहिली तुमची. ती मला देता येणार नाही."

खिळा तिच्या शेजारीच होता, भिंतीत, गंजलेला. रोलंड्सनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"मेंढ्यांना गवत चांगलं येईल यंदा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "एखादा उरलाय का गं तिकडे? दिसला का येताना?"

मॉर्विथनं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"नाही, मिस्टर रोलंड्स," ती म्हणाली. "एकही नाही."

आणि जाताना ती रस्त्यानं गेली.